गोष्टीची बांधणी इंग्रजीत सांगताना: कामाचा क्रम, नेमकी क्रियापदं आणि नेहमीच्या चुका

कथेची बांधणी इंग्रजीत सांगायची वेळ कोल्हापुरात पुष्कळांवर येते. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजीच्या पेपरात येते, शॉर्टफिल्म महोत्सवाला पाठवताना सिनॉप्सिस (कथेचा सारांश) मागतात तेव्हा येते, आपली मराठी कथा अनुवादकाला समजावून सांगताना येते. परिच्छेद लिहून होतो, स्पेलिंगही बरोबर असतं, तरी वाचणाऱ्याला तो परका वाटतो. बहुतेक वेळा यात शब्दसंग्रहाचा दोष नसतो. वाक्य आधी मराठीत तयार होतं आणि मग एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावला जातो, तिथं घोळ होतो. इंग्रजीत बांधणी सांगण्याचं बहुतेक काम क्रियापद आणि त्याला चिकटलेलं प्रिपोझिशन ('इन', 'ऑफ', 'ऑन' असा छोटा शब्द) मिळून करतात. ती जोडी चुकली की भारी शब्द घालूनही वाक्य सुधारत नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती डोळ्यांनी वाचून सोडू नका, मोठ्यानं म्हणा.

तयारी: इंग्रजीच्या आधी सांगाडा

एक कोरा कागद उभा दुमडून दोन रकाने करा. डावीकडे प्रसंग ज्या क्रमानं सांगितले आहेत तो क्रम लिहा, उजवीकडे ते ज्या क्रमानं घडले तो. सगळं मराठीत. प्रसंग आठ-दहापेक्षा जास्त होत असतील तर तुम्ही बांधणी सोडून गोष्टच सांगू लागला आहात, असं समजा. दोन रकाने जिथं जुळत नाहीत तिथं खूण करा. काळाच्या उड्या तिथंच असतात आणि इंग्रजी तिथंच घसरतं.

कागदाच्या तळाशी चार उत्तरं लिहा. गोष्ट कोण सांगतंय? ती कुठं आणि कधी घडते? धागे किती? शेवटी प्रश्न सुटतो की उघडा राहतो?

या लेखात एक कल्पित कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरली आहे. खासबाग मैदानात कुस्ती चालू आहे, तरुण पैलवान तांबड्या मातीत पालथा दबलेला आहे. तिथून गोष्ट चार वर्षं मागं जाते. 2019 चा महापूर, शिरोळ तालुक्यातलं घर पाण्याखाली, वडिलांचं गुऱ्हाळ बंद. थोरला मुलगा कोल्हापूरच्या तालमीत येतो. मधे मधे धाकट्या बहिणीचे व्हॉइस मेसेज येत राहतात. ती गुऱ्हाळ पुन्हा उभं करायला धडपडते आहे. मैदानाच्या आदल्या रात्री त्याला कळतं, की आपल्या खुराकाचा खर्च बहीणच भागवत होती. शेवटी पुन्हा मैदान. निकाल सांगितलेला नाही.

*तपासा:* फक्त डावा रकाना वाचून दुसऱ्याला गोष्टीचा क्रम सांगता येतो का? येत नसेल तर पुढं जाऊ नका.

1. नाम ठरवा

'स्टोरी', 'प्लॉट', 'नॅरेटिव्ह' आणि 'स्ट्रक्चर' हे चार शब्द एकमेकांच्या जागी फिरवले जातात. 'स्टोरी' म्हणजे एकूण गोष्ट. ती जवळजवळ कुठंही चालते. 'प्लॉट' म्हणजे एका घटनेमुळं दुसरी घडत जाणारी साखळी. 'नॅरेटिव्ह' म्हणजे सांगणं, म्हणून काळ मागंपुढं होतो किंवा सांगणारा बदलतो तिथं हा शब्द बसतो: 'द नॅरेटिव्ह शिफ्ट्स टू द सिस्टर'. 'स्ट्रक्चर' म्हणजे रचना. रचना स्वतः काही करत नाही, म्हणून 'द स्ट्रक्चर गोज बॅक टू 2019' म्हणता येत नाही. 'द स्टोरी हॅज अ सर्क्युलर स्ट्रक्चर' म्हणता येतं.

शंका आली की 'द स्टोरी' लिहा. साध्या शब्दानं कधी बिघडत नाही. दर वाक्यात तोच येऊ नये म्हणून दुसऱ्या वाक्यात 'इट' पुरतं.

2. काळ ठरवा आणि सोडू नका

मराठीत आपण सहज म्हणतो, 'लेखकानं यात पूर दाखवला आहे, मग तो मुलगा तालमीत गेला, आता तो लढतोय.' एका दमात तीन काळ, आणि मराठीत ते खपतात. इंग्रजीत गोष्टीतल्या घटना साध्या वर्तमानकाळात सांगायची पद्धत आहे: 'द फ्लड डिस्ट्रॉइज द हाउस', 'ही मूव्ह्ज टू कोल्हापूर'. 'द रायटर हॅज शोन' आणि 'इट इज शोन दॅट' यांना जवळजवळ दरवेळी काट मारता येते. दाखवलं हे सांगायला नको, काय घडतं ते सांगा.

अपवाद दोनच लक्षात ठेवा. पडद्यावर किंवा पानावर चालू असलेल्या क्षणाच्या आधी जे होऊन गेलं, ते पूर्ण वर्तमानकाळात: 'ही लर्न्स दॅट हिज सिस्टर हॅज बीन पेइंग'. आणि कथेबाहेरची माहिती, म्हणजे कथा कधी छापली, लेखक कुठं राहत होता, ती भूतकाळात.

*सावधान:* चालू वर्तमानकाळ हा मराठीभाषकांचा सापळा आहे. 'ही इज गोइंग टू द तालीम अँड ही इज मीटिंग द वस्ताद' हे घटना सांगणं होत नाही, क्रिकेटची कॉमेंटरी होते. 'ही गोज', 'ही मीट्स' लिहा.

3. पहिलं वाक्य: कुठं, कशाबद्दल, कुठून

'द स्टोरी हॅपन्स इन कोल्हापूर' असं कोणी सहसा लिहीत नाही. 'इज सेट इन' लिहा: 'द स्टोरी इज सेट इन कोल्हापूर'. ठिकाणासाठी आणि काळासाठी हीच जोडी चालते. 'टेक्स प्लेस' सुद्धा चालतं, विशेषतः मुदत सांगायची असेल तेव्हा: 'टेक्स प्लेस ओव्हर अ सिंगल नाइट'.

पुढचा घोटाळा 'बेस्ड ऑन'चा आहे. मराठीत 'ही कथा भावा-बहिणीच्या नात्यावर आधारित आहे' हे अगदी बरोबर वाक्य आहे. इंग्रजीत 'बेस्ड ऑन' म्हणजे मूळ स्रोत: खरी घटना, कादंबरी, नाटक. 'बेस्ड ऑन अ ट्रू इन्सिडेंट' ठीक आहे, 'बेस्ड ऑन लव्ह' नाही. विषय सांगायचा असेल तर 'इज अबाउट'. महोत्सवाच्या अर्जात ही चूक महाग पडू शकते. 'बेस्ड ऑन' वाचून परीक्षक मूळ कृती कुठली आणि तिचे हक्क कोणाकडं, असा प्रश्न विचारू शकतो.

'रिव्हॉल्व्ज अराउंड' चुकीचं नाही, पण मराठीतल्या 'भोवती फिरते'शी तंतोतंत जुळतं म्हणून ते दर परिच्छेदात येऊन बसतं. एखाद्या माणसाच्या वाटचालीची गोष्ट असेल तर 'फॉलोज' जास्त काम करतं: 'द स्टोरी फॉलोज अ यंग रेसलर'. यात गोष्ट पुढं सरकते हेही कळतं.

सुरुवात कुठून होते ते सांगताना 'स्टार्ट्स फ्रॉम' नको. 'ओपन्स' घ्या आणि त्याची तीन प्रिपोझिशनं वेगळी ठेवा. प्रसंग असेल तर 'ओपन्स विथ अ रेसलिंग बाउट'. जागा असेल तर 'ओपन्स इन अ व्हिलेज'. दिवस किंवा एखादं दृश्य असेल तर 'ओपन्स ऑन द मॉर्निंग ऑफ द फ्लड'. आपली कथा ऐन झटापटीत सुरू होते. त्यासाठी 'ओपन्स इन द मिडल ऑफ अ बाउट'. 'इन द स्टार्टिंग' हा शब्दप्रयोग भारतात रोज ऐकू येतो, बाहेरच्या वाचकाला तो खटकतो. 'ॲट द बिगिनिंग' लिहा.

4. विभागणी

भाग सांगताना पाच रचना पुरतात.

- 'इज डिव्हायडेड इंटू थ्री पार्ट्स'
- 'कन्सिस्ट्स ऑफ थ्री पार्ट्स'
- 'कंप्राइझेस थ्री पार्ट्स'
- 'इज मेड अप ऑफ थ्री पार्ट्स'
- 'इज टोल्ड इन थ्री पार्ट्स'

पहिल्यात 'इन' घालू नका. 'डिव्हायडेड इन हाफ' किंवा 'इन टू' (दोन तुकड्यांत) असतं हे खरं, पण 'पार्ट्स' आले की 'इंटू'च. तिसऱ्यात 'ऑफ' घालू नका. 'कन्सिस्ट्स'ला 'ऑफ' लागतो, 'कंप्राइझेस'ला लागत नाही, आणि या दोघांची अदलाबदल सगळ्यात जास्त होते. 'इज कंप्राइझ्ड ऑफ' पुष्कळ छापील मजकुरात दिसेल, पण काटेकोर संपादक ते खोडतात. त्या वादात पडायचं कारण नाही, 'इज मेड अप ऑफ' लिहून मोकळे व्हा.

भागांची नावं माध्यमाप्रमाणे बदलतात. कादंबरीत 'पार्ट' आणि 'चॅप्टर', कथेत 'सेक्शन', नाटकात आणि पटकथेत 'ॲक्ट' आणि 'सीन', मालिकेत 'एपिसोड'. लघुकथेला 'ॲक्ट' लावलं तर तुम्ही तिचं पटकथेच्या नियमानं विश्लेषण करताय असा अर्थ निघतो.

सिनेमावाल्यांसाठी एक खास सूचना. 'इंटरव्हलला ट्विस्ट येतो' हे आपल्याकडं सगळ्यांना कळतं, पण जिथं सिनेमे सलग दाखवतात तिथल्या वाचकाला 'बिफोर इंटरव्हल' म्हणजे कुठं, याचा बोध होत नाही. 'मिडवे थ्रू द फिल्म' किंवा 'ॲट द मिडपॉइंट' लिहा. 'द सेकंड हाफ' चालतं.

5. काळाच्या उड्या

आता कागदावर केलेल्या खुणा बघा. या टप्प्यावर घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतात.

'द स्टोरी गोज इन फ्लॅशबॅक' हे 'गोष्ट फ्लॅशबॅकमध्ये जाते'चं थेट भाषांतर आहे. त्याऐवजी काय लिहायचं ते उडीच्या लांबीवर ठरतं. छोटी उडी, एखादाच प्रसंग: 'इन अ फ्लॅशबॅक, वी सी द फ्लड'. मोठी उडी, तिथून गोष्ट नव्यानं पुढं चालते: 'द स्टोरी देन गोज बॅक फोर इयर्स'. जवळजवळ सगळीच गोष्ट आठवणीतून येते: 'द स्टोरी इज टोल्ड इन फ्लॅशबॅक'. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. आपल्या कथेत मधला सगळा भाग मागं जाऊन सरळ पुढं येतो, म्हणून दुसरं वाक्य नेमकं बसतं. पुन्हा पुन्हा मागंपुढं होत असेल तर 'मूव्ह्ज बॅक अँड फोर्थ बिटवीन द प्रेझेंट अँड 2019'. एकही उडी नसेल तर 'द इव्हेंट्स आर टोल्ड इन क्रोनॉलॉजिकल ऑर्डर'.

आणि 'एगो'. 'चार वर्षांपूर्वी' म्हटलं की हात आपोआप 'फोर इयर्स एगो' लिहितो. 'एगो' आजपासून मोजतं, म्हणजे तुम्ही किंवा वाचक ज्या दिवशी आहे त्या दिवसापासून. गोष्टीतल्या क्षणापासून मोजायचं असेल तर 'फोर इयर्स अर्लियर'. तसंच पुढं मोजताना 'आफ्टर टू डेज' ऐवजी 'टू डेज लेटर'. संवादात पात्र स्वतः बोलत असेल तर मात्र 'एगो' बरोबर, कारण तिथं 'आज' पात्राचा असतो.

*तपासा:* परिच्छेदात 'एगो' आणि 'आफ्टर' शोधा. प्रत्येकापुढं 'कोणापासून?' असं विचारा. उत्तर 'गोष्टीतल्या क्षणापासून' आलं की शब्द बदला.

6. धागे

'साइड स्टोरी' म्हणू नका, 'सबप्लॉट' म्हणा; पण आधी तो खरंच उपकथानक आहे का ते बघा. तो धागा काढून टाकला तरी मुख्य गोष्ट उभी राहत असेल, तर 'सबप्लॉट'. कोसळत असेल, तर ते दोन समान धागे आहेत: 'टू स्ट्रँड्स' किंवा 'टू पॅरलल स्टोरीलाइन्स'. बहिणीचा धागा काढला तर आदल्या रात्रीचा प्रसंगच उरत नाही. म्हणून इथं 'स्ट्रँड्स'. बहिणीच्या धाग्याला 'सबप्लॉट' म्हटलं तर व्याकरण बिघडत नाही, पण कथेवर अन्याय होतो.

धागे आळीपाळीनं येत असतील तर 'ऑल्टरनेट्स बिटवीन ए अँड बी'. इथं 'बिटवीन'नंतर 'अँड'च येतं, 'टू' नाही. एकमेकांत गुंतलेले असतील तर 'आर इंटरवोव्हन'. एकत्र येतात तेव्हा 'कम टुगेदर' किंवा जरा औपचारिक 'कन्व्हर्ज'. 'कन्व्हर्ज टुगेदर' लिहू नका, 'टुगेदर'चा अर्थ क्रियापदातच आहे.

दरम्यान घडणारं सांगायला 'मीनव्हाइल' एकदा चालतं. परिच्छेदात दोनदा आलं तर एक काढा.

7. वळण, क्लायमॅक्स, शेवट

सिनेमाच्या गप्पांत आपण 'क्लायमॅक्स' म्हणजे शेवटची वीस मिनिटं समजतो. इंग्रजीत तो ताणाचा सर्वोच्च क्षण. त्यानंतर गोष्ट उतरणीला लागते आणि मग संपते. गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकानं 1863 मध्ये नाटकाची पाच भागांची मांडणी केली, तीत हा बिंदू तिसरा आहे, पाचवा नाही. म्हणून 'इन द क्लायमॅक्स दे गेट मॅरिड अँड लिव्ह हॅपिली' हे वाक्य फसतं, ते 'रेझोल्यूशन', म्हणजे गुंता सुटणं आहे. आपल्या कथेत ताण कुठं टिपेला जातो? मैदानात, असं वाटेल. पण निर्णय आदल्या रात्री, खर्चाचं सत्य कळतं तेव्हाच होतो. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एक बाजू ठरवा आणि परिच्छेदभर तीच धरा.

वळणासाठी 'द स्टोरी टेक्स टर्न' अपुरं आहे, 'अ' राहिला. 'टेक्स अ टर्न' केलं तरी कुठल्या दिशेनं ते कळत नाही. 'द टर्निंग पॉइंट कम्स व्हेन' लिहा, म्हणजे 'व्हेन'नंतर प्रसंग सांगावाच लागतो. 'सस्पेन्स ओपन होतो' याचं 'द सस्पेन्स ओपन्स' करू नका. 'द ट्रूथ कम्स आउट' किंवा 'वी फायनली लर्न हू' लिहा.

शेवट सांगताना 'इन दि एंड' आणि 'ॲट दि एंड' यांत गल्लत होते. 'इन दि एंड' म्हणजे सगळं होऊन अखेर काय ठरलं: 'इन दि एंड, ही फर्गिव्ह्ज हर'. 'ॲट दि एंड' म्हणजे शेवटच्या जागी, आणि त्याला बहुधा 'ऑफ' लागतो: 'ॲट दि एंड ऑफ द स्टोरी'. 'लास्टली' हे मुद्द्यांच्या यादीसाठी, गोष्टीसाठी नाही.

उघड्या शेवटाला 'द स्टोरी हॅज नो एंड' म्हणू नका, शेवट आहेच. 'दि एंडिंग इज लेफ्ट ओपन' किंवा काय सांगितलं नाही तेच सांगा: 'स्टॉप्स बिफोर द रिझल्ट इज नोन'. दुसरं मला जास्त पसंत आहे, कारण त्यात कथेचा तपशील येतो.

*सावधान:* गोष्ट पहिल्या जागी परतली म्हणून लगेच 'कम्स फुल सर्कल' लावू नका. सुरुवात आणि शेवट यांत अर्थाचा काही संबंध असेल तरच ते शोभतं. नुसतं ठिकाण तेच असेल तर 'रिटर्न्स टू' बास.

8. जोडणी आणि आर्टिकल

पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा 'अ', नंतर 'द': 'अ यंग रेसलर', पुढं 'द रेसलर'. मराठीत हा भेद शब्दानं करावा लागत नाही, म्हणून तो विसरतो. परिच्छेद पूर्ण झाला की फक्त नामांवर बोट ठेवून एक फेरी मारा. 'हीरो' ऐवजी 'प्रोटॅगनिस्ट' लिहिणं सुरक्षित, पण एकदाच. नंतर पात्राचं नाव किंवा पेशा.

'देन', 'आफ्टर दॅट', 'देन अगेन' अशी रांग लागली असेल तर दोन वाक्यं 'हू', 'विच' किंवा 'व्हेन'नं जोडा. गुऱ्हाळ, तालीम असे शब्द गाळू नका. ते पहिल्यांदा येतात तिथं त्यांचा अर्थ इंग्रजीत सांगा, 'जॅगरी वर्क्स', 'रेसलिंग स्कूल'. शब्दमर्यादा कमी असेल तर मूळ शब्दाचा आग्रह सोडा.

9. पडताळणी

शब्दजोडीची शंका असेल तर अंदाजानं ठरवू नका. गूगल बुक्स एनग्रॅम व्ह्यूअरमध्ये दोन पर्याय स्वल्पविराम देऊन टाका, छापील पुस्तकांत कुठला किती येतो त्याची रेघ दिसते. एका पर्यायात पाचपेक्षा जास्त शब्द चालत नाहीत. मधलं प्रिपोझिशनच आठवत नसेल तर तिथं तारा-चिन्ह टाका, जास्त येणारे शब्द ते स्वतः दाखवतं. संदर्भासकट वाक्यं बघायची असतील तर कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचा शोधता येणारा साठा, उघडा: ब्रिटिश नॅशनल कॉर्पस (दहा कोटी शब्द) किंवा अमेरिकन इंग्रजीचा कोका (शंभर कोटींच्या वर) वापरा.

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. 'कंप्राइझेस ऑफ'सुद्धा शोधलं की सापडतं. कोण लिहितंय आणि कुठं, ते चार-पाच वाक्यं उघडून बघा. व्याकरण तपासणारी साधनं आर्टिकल दुरुस्त करतील, पण 'सबप्लॉट' की 'स्ट्रँड' हे त्यांच्यावर सोडू नका. त्यासाठी तुमचा दोन रकान्यांचा कागदच हवा.

तयार परिच्छेद

'सेट इन कोल्हापूर अँड अ व्हिलेज इन शिरोळ तालुका, द स्टोरी फॉलोज अ यंग रेसलर अँड हिज सिस्टर. इट ओपन्स इन द मिडल ऑफ अ बाउट ॲट खासबाग, विथ द रेसलर फेस डाउन इन द रेड अर्थ. इट देन गोज बॅक फोर इयर्स टू द फ्लड्स ऑफ 2019, विच डिस्ट्रॉय द फॅमिली होम अँड शट डाउन हिज फादर्स जॅगरी वर्क्स. फ्रॉम हिअर द नॅरेटिव्ह ऑल्टरनेट्स बिटवीन हिज ट्रेनिंग इन द सिटी अँड द व्हॉइस मेसेजेस ऑफ हिज सिस्टर, हू इज ट्राइंग टू गेट द वर्क्स रनिंग अगेन. द टू स्ट्रँड्स कम टुगेदर द नाइट बिफोर द बाउट, व्हेन ही लर्न्स दॅट शी हॅज बीन पेइंग फॉर हिज फूड. द फायनल सेक्शन रिटर्न्स टू दि अरीना अँड स्टॉप्स बिफोर द रिझल्ट इज नोन.'

यात एकही अवघड शब्द नाही. आता क्रियापदांवरून नजर फिरवा: 'फॉलोज', 'ओपन्स', 'गोज बॅक', 'ऑल्टरनेट्स', 'कम टुगेदर', 'रिटर्न्स', 'स्टॉप्स'. गोष्ट वाचलेली नसली तरी तिचा आराखडा एवढ्या सात ठिकाणी कळतो.

पन्नास शब्दांत बसवायचं असेल तर आधी विशेषणं आणि गावांची नावं काढा, मग मधल्या धाग्याचा तपशील. सुरुवात, धागे एकत्र येण्याचा क्षण आणि शेवट यांना हात लावू नका. परीक्षकांसाठीच्या सिनॉप्सिसमध्ये शेवट सांगावा लागतो, तो लपवला तर अर्ज अर्धवट वाटतो. पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या मजकुरात मात्र उलट: तिथं 'व्हेन ही लर्न्स'च्या आधीच थांबा.